सह्या सगळ्यांच्या आहेत, मास्क मात्र हनुवटीवर

पत्र थोडक्यात असं आहे: लिहिणारे एका फाउंड्रीत फेटलिंग सेक्शनला सुपरवायझर आहेत, म्हणजे ओतलेल्या कास्टिंगवरचा जास्तीचा धातू आणि चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढतात तिथे. आधी 7 वर्षं स्वतः हँड ग्राइंडरवर होते, वर्षभरापूर्वी प्रमोशन झालं. हाताखाली 22 माणसं, निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टची. ते लिहितात, "सेफ्टीचं ट्रेनिंग झालं, 40 स्लाइड दाखवल्या, पेपर घेतला, सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क, सगळ्यांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर मास्क हनुवटीवर आणि इअर प्लग खिशात. माणसं अडाणी आहेत, स्वतःच्या जिवाची पर्वा नाही. साहेब म्हणतात दंड लावा, आता मलाही तेच पटायला लागलंय. चार एक्झॉस्टपैकी दोन बंद आहेत पण ते मेंटेनन्सचं काम, मी माझ्या हातातलं बोलतोय." आणि मग शेवटी, जाता जाता: ज्यांच्याकडून ते काम शिकले ते मामा परवा एकटे गाठून म्हणाले की थंडीत सकाळी बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, रात्री कानात शिट्टी वाजते, पण कुणाला सांगू नको, ग्राइंडरवरून काढून झाडूवर टाकतील. "सांगू की गप्प बसू? मी तर 7 वर्षं तेच काम केलं, मला काही झालं नाही."

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं दोन वेगळे प्रश्न आहेत, दंड लावू का हा एक आणि मामांचं काय करू हा दुसरा. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला मामांनी आधीच देऊन ठेवलंय. बघा ना, मामांना आपल्या बोटांना काय होतंय ते कळत नाहीये का? चांगलं कळतंय. ते बोललं तर काय होईल हेही कळतंय, ग्राइंडर सुटेल, पीस रेट म्हणजे नगावर मिळणारे पैसे जातील, ओव्हरटाइम जाईल. एवढा हिशोब ज्याचा पक्का आहे त्याला अडाणी कसं म्हणायचं? तुमच्या त्या 40 स्लाइडमध्ये बोटं पांढरी पडण्याबद्दल एक तरी होती का माहीत नाही, पण "सांगितल्यावर तुमचा पगार कमी होणार नाही" अशी स्लाइड नक्की नसणार. आणि मामा तिथेच अडलेत.

पैकीच्या पैकी मार्कांबद्दल बोलू. 22 च्या 22 लोकांना पूर्ण मार्क पडतात तेव्हा पेपर सोपा होता किंवा उत्तरं आधी सांगितली होती, तिसरं काही नसतं. रागावू नका, सगळीकडे असंच चालतं, ऑडिटला कागद लागतो आणि कागद तयार होतो. फक्त त्या कागदावरून "यांना माहिती दिली होती तरी ऐकत नाहीत" असा निष्कर्ष काढू नका, कारण माहिती दिली याचा पुरावा तुमच्याकडे आहे, पोचली याचा नाहीये. त्या स्लाइड कुठल्या भाषेत होत्या? सगळ्यांना वाचता येतं का? आणि ज्याला येत नाही तो 21 जणांसमोर हात वर करून सांगेल का? तो शेजारच्याचं बघून टिक करेल आणि सही करेल, तुम्ही मी असतो तर तेच केलं असतं.

बरं, तुमच्या सेक्शनमध्ये असा एखादा जुना माणूस असेलच जो पाठमोरा उभा राहून, नुसत्या आवाजावरून सांगतो की याचं बेअरिंग जाणार आहे, किंवा व्हील बसलंय, घासत नाहीये. मला खात्री आहे की इअर प्लग खिशात जायचं एक मोठं कारण हेच आहे. कान बंद केले की मशीन बोलत नाही, मागून फोर्कलिफ्ट आली तर कळत नाही, शेजारी हाक मारतो ते ऐकू येत नाही. ही भीती खोटी नाही, दंडाने जाणारीही नाही. इथे बघायचं असतं की प्लग गरजेपेक्षा जास्त तगडा तर नाही ना. प्लगच्या आत कानाला पोचणारा आवाज 75 ते 80 डेसिबलच्या आसपास राहिला तर बरं असतं, त्याच्या खूप खाली गेला की माणूस एकटा पडतो आणि प्लग काढतो. फोर्कलिफ्टसाठी वेगळा रस्ता आखा, लाइट लावा, ते काम कानावर टाकू नका. मास्कचंही तसंच, गरम होतं, गॉगलवर वाफ धरते, एकच मास्क किती दिवस वापरायचा ते ठरलेलं नाही, आणि तोंडाला तो बसतच नाही. तुम्ही 7 वर्षं तिथेच होतात, तेव्हा तुम्ही मास्क का काढायचात ते आठवा की, उत्तर तुमच्याकडेच आहे.

आता "मला काही झालं नाही" हे वाक्य. हे प्रत्येक कारखान्यात ऐकू येतं आणि ते फसवं आहे. ज्यांना झालं ते आता तिथे नाहीत. दम लागायला लागला, काम जमेना, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही, माणूस गेला, त्याच्या जागी दुसरा आला. मागे राहतात ते टणक, आणि त्यांच्याकडे बघून सगळे म्हणतात की बघा 20 वर्षं काढली, ठणठणीत आहेत. या विषयाच्या अभ्यासकांनी याला नावसुद्धा दिलंय, हेल्दी वर्कर इफेक्ट. तेव्हा तुमच्या आधी त्या सेक्शनला जे होते ते आता कुठे आहेत, कसे आहेत, हे जरा चौकशी करून बघा. मला वाटतं तुमच्या ट्रेनिंगची पहिली स्लाइड तिथून निघेल.

आणि आजार हळू येतो हीच तर सगळी अडचण आहे. बोट कापलं तर आत्ता रक्त दिसतं, म्हणून ब्लेडच्या गार्डबद्दल कुणाला समजवावं लागत नाही. वाळूच्या धुळीने, म्हणजे सिलिकाने, फुफ्फुसाला जे होतं ते साधारण 10 वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसतं, धूळ खूपच असेल तर लवकर. एकदा हा आजार, सिलिकोसिस, झाला की तो बरा करणारं औषध नाही, वर टीबीचा धोका वाढतो, आणि सिलिकाची ही बारीक धूळ कॅन्सरला कारण ठरते हे आयएआरसी या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने 1997 मध्येच सांगितलंय. पण 24 वर्षांच्या पोराला "10 वर्षांनी" हे कानाला लागतच नाही, घरी आज पैसे पाठवायचे असतात. त्यामुळे घाबरवून उपयोग नाही, दाखवावं लागतं.

दाखवायची एक युक्ती सांगते. आपल्याला डोळ्यांना जी धूळ दिसते, जी अंगावर बसते, ती तशी कमी वाईट, नाकात घशात अडकते. केस साधारण 70 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, आणि फुफ्फुसात खोल उतरणारी धूळ 10 मायक्रॉनच्या खालची, त्यातही 4-5 च्या आसपासची आणि त्याहून बारीक. ती साध्या उजेडात दिसत नाही आणि कितीतरी वेळ हवेत तरंगत राहते, म्हणजे ग्राइंडर बंद केला, मास्क खाली केला, गप्पा सुरू झाल्या, तेव्हा ती तिथेच असते. रात्रपाळीला एका कोपऱ्यातला लाइट कमी करा, कुणालातरी धुळीच्या पलीकडे जोरदार टॉर्च धरून तुमच्या दिशेने मारायला सांगा, बल्ब डोळ्यात येणार नाही असा हाताने झाका आणि झोताकडे बघा. उन्हाच्या तिरिपीत घरात धूळ नाचताना दिसते ना, तेच, पण हे बघून माणसं गप्प होतात. बंद एक्झॉस्टच्या स्टेशनवर एकदा आणि चालू एक्झॉस्टच्या स्टेशनवर एकदा असं दोन्ही दाखवा, मोबाइलवर शूट करा, मग तोच व्हिडिओ साहेबांनाही दाखवा. तपासणाऱ्यांनी स्वतः मात्र मास्क नीट लावून हे करायचं, हे वेगळं सांगायला नको.

याच निमित्ताने शिफ्ट संपल्यावर एअर गनने कपडे झटकायची सवय मोडा. दिवसभरात जेवढी आत गेली नसेल तेवढी त्या दोन मिनिटांत तोंडासमोर उडते, शेजारच्याच्याही. व्हॅक्यूम मिळवा, नाहीतर ओलं करून पुसा. कपडे कामावरच बदला आणि घरी वेगळे धुवा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत हे घडून गेलंय, कामावर कधी पाऊलही न टाकलेल्या बायकांना नवऱ्यांचे कपडे झटकून धुताना त्या धुळीचा कॅन्सर झालाय. हे सांगितल्यावर बघा, जो स्वतःसाठी मास्क लावत नाही तो घरच्यांसाठी कपडे बदलतो.

आणि एक जुना समज, धूळ पोटात जाते, काहीतरी खाल्लं-प्यालं की निघून जाते. घशातली जाते, फुफ्फुसातली नाही, ती वाट वेगळी आहे. नाकाला रुमाल बांधला की झालं हाही तसलाच. रुमाल किंवा पातळ सर्जिकल मास्क बारीक धुळीला अडवत नाही, एन 95 किंवा त्या वरचा लागतो, आणि तोही चेहऱ्याला चिकटून बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा आत येते. लावल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, कडेने वारा लागला तर बसलेला नाही. एवढं करून बघायला अर्धं मिनिट लागतं.

आवाजाचं गणित मात्र सगळ्यांना पाठ करून घ्या कारण ते ऐकून लोक चकित होतात. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी की 85 डेसिबल आवाजात 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1 तास, 97 ला अर्धा तास आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. फेटलिंगमध्ये 100 च्या आसपास जाणं काही नवल नाही, म्हणजे उघड्या कानांनी दिवसभराचा कोटा शिफ्ट सुरू झाल्यावर पहिल्या पाव तासातच संपतो. मीटर नसेल तर साधी कसोटी, हातभर अंतरावर उभ्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर 85 च्या वर आहात असं धरून चाला. अजून एक, 30 डेसिबल अडवणारा भारी प्लग जर अर्धी शिफ्टच घातला तर एकूण फायदा 3 डेसिबलच्या पुढे जात नाही. काढ-घाल करणाऱ्याला हे सांगा, कारण त्याला वाटत असतं अर्धा वेळ घातला म्हणजे अर्धा फायदा झाला.

प्लग घालायचाही प्रश्न आहे हां. फोमचा प्लग बहुतेक जण नुसता कानाच्या तोंडाशी खोचतात. बोटांत वळून अगदी बारीक करायचा (हात स्वच्छ पाहिजेत), दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत 20-30 सेकंद बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. हे स्लाइडवर नका सांगू, हातात प्लग द्या. आणि "कळलं का?" असं कधी विचारू नका, त्याला जगात एकच उत्तर आहे, हो. त्याऐवजी म्हणा, "उद्या नवीन पोरगा येणारे, त्याला तू कसं शिकवशील ते मला दाखव." तो जिथे अडखळेल तिथे तुमचं सांगणं कमी पडलं असं समजायचं. असं एका ब्रेकआधी 5 मिनिटं एकच गोष्ट, आठवड्यातून दोनदा, 40 स्लाइडपेक्षा लाखपटीने बरं.

थिनर, कोटिंग, बाइंडर असली केमिकल असतील तर त्यांच्या सेफ्टी डेटा शीटला, म्हणजे केमिकलच्या माहितीच्या कागदाला, 16 भाग असतात, कुणी सगळे वाचत नाही, तुम्ही निदान 2, 4 आणि 8 वाचा, धोका काय, प्रथमोपचार काय, आणि बचाव कसा. डब्यावरच्या लाल चौकटीतल्या चित्रांपैकी कवटी सगळ्यांना कळते. माणसाच्या छातीवर चांदणी फुटल्यासारखं चित्र असतं ते कुणालाच कळत नाही, आणि तेच जास्त महत्त्वाचं, कारण ते हळू येणाऱ्या आजारांचं आहे, कॅन्सर, श्वासाचे विकार वगैरे. हात थिनरने धुऊ नका हे तर भिंतीवर लिहून ठेवा. टोल्युइनसारखे काही सॉल्व्हंट कानालाही त्रास देतात, आवाजासोबत असले की जास्तच.

आता तुम्ही ज्याला "मेंटेनन्सचं काम" म्हणून बाजूला ठेवलंत त्या एक्झॉस्टकडे येते. दादा, माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते होतं. धोका कमी करायचा ठरलेला क्रम आहे, आधी धोका काढूनच टाका, नाहीतर बदला, नाहीतर मशीनने अडवा, मग कामाच्या वेळा आणि पद्धत बदला, आणि सगळ्यात शेवटी मास्क-प्लग. आपण शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो कारण ती स्वस्त आहे आणि तिचा दोष कामगारावर टाकता येतो. ज्या दोन स्टेशनचे एक्झॉस्ट बंद आहेत तिथल्या माणसाला मास्कसाठी दंड लावलात तर तो तोंडावर काही बोलणार नाही, पण तुमच्याबद्दल त्याचं काय मत होईल याचा विचार करा. दंड लावायचाच तर पहिला त्या बंद पंख्यांना लावा! गंमत सोडा, पण दंडाने एवढंच होतं की तुम्ही दिसलात की मास्क वर आणि गेलात की खाली, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक छोटे त्रास, छोटे अपघात लपवायला लागतात. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, तिचा 1981 चा करार क्रमांक 155 आहे, त्याच्या 21 व्या कलमात सरळ म्हटलंय की सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. साहेबांशी बोलताना हे उपयोगी पडेल, आणि 2022 मध्ये आयएलओने सुरक्षित काम हा मूलभूत हक्कांमध्येच घेतलाय हेही.

आता मामा.

तुमच्यासमोर दोनच रस्ते आहेत असं तुम्ही धरून चाललात, सांगणं किंवा गप्प बसणं. सांगितलंत तर विश्वास गेला, आणि उद्यापासून 22 जणांपैकी कुणीही तुम्हाला काही सांगणार नाही, म्हणजे आत्ता जी एकमेव खरी माहिती तुमच्यापर्यंत येतेय तीही बंद. गप्प बसलात तर मामांची बोटं. पण तुम्हाला माणसाची तक्रार करायची गरजच नाहीये, मशीनची करा. बोटं पांढरी पडणं, मुंग्या येणं हे हातात थरथरणाऱ्या मशीनचं लक्षण असू शकतं, आणि ती मशीन तुमच्या सेक्शनमध्ये सगळेच वापरतात. ग्राइंडरचं व्हायब्रेशन मोजायला सांगा, युरोपात दिवसाच्या सरासरीला 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की उपाय करायला लागतात आणि 5 च्या पुढे कामच करून घ्यायचं नसतं, हा आकडा तुलनेला ठेवा. बॅलन्स गेलेलं व्हील, झिजलेलं बेअरिंग, सैल हँडल याने थरथर वाढते, त्याचं रजिस्टर सुरू करा. एकाच माणसाला दिवसभर तेच मशीन नको, काम आलटून पालटून द्या. यात कुठेही मामांचं नाव येत नाही.

आणि अजून एक करा, याला बॉडी मॅपिंग म्हणतात, कामगारांच्या ट्रेनिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी वापरतात आणि मला स्वतःला हे फार आवडतं कारण याला वाचता-लिहिता यावं लागत नाही. मोठ्या कागदावर माणसाचं चित्र काढा, पुढून आणि पाठीमागून, कसंही वेडंवाकडं चालेल. लॉकर रूममध्ये लावा, बाजूला टिकल्या किंवा स्केचपेन ठेवा, आणि सांगा की कामाने जिथे त्रास होतो तिथे ठिपका लावा, नाव लिहायचं नाही, मी तिथे थांबणार नाही. आठवड्याने बघा. एक ठिपका असला तर मामा, पण बोटांवर 9 आणि कानावर 12 ठिपके असले तर तो कुणा एकाचा आजार राहत नाही, सेक्शनचा होतो, आणि मग सगळ्यांची तपासणी मागता येते. मला वाटतं मामा तो कागद बघून जेवढे मोकळे होतील तेवढे तुमच्या समजावण्याने होणार नाहीत. फक्त ते ठिपके जमा करून पुढे काहीच केलं नाहीत तर मात्र परत कधी असला कागद लावू नका, लोक एकदाच खरं सांगतात.

मामांशी स्वतः काय बोलायचं? खरं ते सगळं. व्हायब्रेशनने झालेलं असेल तर लवकर थांबलं तर पुढे वाढत नाही, बोटं पांढरी पडणं कमीही होऊ शकतं, पण बधिरपणा एकदा मुरला की तो बहुतेक राहतो, शर्टाचं बटण लावणंही अवघड होतं. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी आवाजाने मरतात त्या परत उगवत नाहीत. हे ऐकून मामांना ठरवू द्या, शरीर त्यांचं आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा, नंतर नाही: "हातातून ग्राइंडर सुटायला लागला तर मी गप्प बसणार नाही, कारण मग शेजारच्याचा जीव आहे." त्यांना हे पटेल, त्यांनीच तुम्हाला मशीन धरायला शिकवलंय. आणि काम बदलायची वेळ आलीच तर झाडू हा एकच पर्याय कशाला, इतक्या वर्षांचा माणूस, तपासणीवर, नवीन पोरांना शिकवायला, व्हील आणि मशीनची देखभाल बघायला ठेवता येतो, त्याच पगारात ठेवा असं तुम्ही साहेबांना आत्ताच, कुणाचंही नाव न घेता, एक धोरण म्हणून सुचवा. हे ठरल्याशिवाय कुणी मामा तोंड उघडणार नाहीत.

डॉक्टरकडे जाताना मामांच्या हातात एक चिठ्ठी द्या. 1700 साली इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की रोग्याला बाकीच्या प्रश्नांबरोबर "तुझं काम काय?" हेही विचारा, पण गर्दीच्या दवाखान्यात तो प्रश्न अजूनही राहून जातो आणि खोकल्याचं औषध घेऊन माणूस परत येतो. चिठ्ठीत लिहा, काय काम, किती वर्षं, रोज किती तास ग्राइंडर हातात, धूळ कशाची, मास्क-प्लग होते का, सुट्टीत त्रास कमी होतो का, सोबतच्या इतरांनाही आहे का. धुळीत काम करणाऱ्या कुणाचाही खोकला आठवड्यांमागून आठवडे राहिला तर हीच चिठ्ठी घेऊन जायचं, वाट बघायची नाही. कंपनीच्या डॉक्टरची भीती वाटते कारण तो सगळं वर सांगेल. या पेशाचा संकेत असा आहे की डॉक्टरने मॅनेजमेंटला फक्त माणूस त्या कामाला फिट आहे की नाही आणि काय काळजी घ्यायची एवढंच सांगावं, आजाराचं नाव नाही. तुमच्या डॉक्टरांना हे सगळ्यांसमोर एकदा बोलून दाखवायला लावा. नाही म्हणाले तर बाहेरचा डॉक्टर बघा.

आणि एक तुमचं. "मला काही झालं नाही" हे तुम्हाला कसं कळलं? तपासलंत का कधी? आवाजाने जाणारं ऐकणं आधी बारीक, उंच सुरांचं जातं, 4000 हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे मशीनचा घरघराट नीट ऐकू येतो आणि माणसाला वाटतं कान ठीक आहेत. जातात ते स, श, फ, त असले आवाज, लहान मुलांचं बोलणं, गर्दीतलं बोलणं, मग घरचे टीव्ही बारीक करा म्हणतात आणि आपण म्हणतो तुम्हीच पुटपुटता. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. त्याआधी निदान 14 तास कानांना शांतता पाहिजे, म्हणून साप्ताहिक सुट्टीनंतर सकाळी, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जा, रात्रपाळीवरून उठून सरळ जाऊ नका. रिपोर्टची एक कॉपी स्वतःकडे ठेवा, आणि जसा येईल तसा, चांगला किंवा वाईट, ब्रेकआधीच्या 5 मिनिटांत पोरांना दाखवा.